लहान कॅलिबरची गोळी लागल्यावर माणूस लगेच कोसळतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुमच्या रहस्यकथेतली नायिका पर्समधून .२५ चं छोटं पिस्तूल काढते, खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या धिप्पाड माणसावर एकच गोळी झाडते, तो मागे फेकला जातो, भिंतीवर आदळतो आणि जागच्या जागी संपतो. हस्तलिखित वाचलेला एक मित्र म्हणाला की असलं पिस्तूल म्हणजे खेळणं, त्याने माणूस मरत नाही. दुसरा म्हणाला की उलट, भाडोत्री मारेकरी मुद्दाम .२२ च वापरतात. दोघांत बरोबर कोण, आणि नायिकेच्या हातात नेमकं कोणतं पिस्तूल द्यावं, असं तुम्ही विचारलंय.

झाडलेल्या गोळ्या, रिकाम्या पुंगळ्या आणि रक्ताळलेले कपडे तपासण्यात माझ्या नोकरीची सगळी वर्षं गेली. टेबलावर शस्त्र यायचं तेव्हा त्याच्याबरोबर कुणातरी माणसाची फाइल असायची, त्यामुळे हा विषय माझ्यासाठी कधीच नुसत्या यंत्राचा राहिला नाही. तुमचे दोन्ही मित्र अर्धे अर्धे बरोबर आहेत. लहान कॅलिबरच्या गोळीने माणसं मरतात, पुष्कळ मरतात. पण कथेत मरतात तशी मरत नाहीत. तुमच्या प्रसंगात खरी अडचण मरण्याची नाहीच, ती वेळेची आहे. गोळी लागणं आणि माणूस कोसळणं यांच्यामध्ये काही सेकंद असतात, काही मिनिटं असतात, कधी तास असतात. कथा आणि सिनेमे नेमका तेवढाच भाग कापून टाकतात.

एक गोष्ट आधीच कबूल करतो. ‘अमुक गोळी लागली की अमुक होतं’ असं ठाम वाक्य कोर्टात कोणत्याही वकिलाला माझ्याकडून मिळालं नाही, आणि इथेही मिळणार नाही. गोळी कुठे लागली, किती अंतरावरून, आड जाड कोट होता की पातळ शर्ट, हाडाला घासली की बरगड्यांच्या मधून गेली, तो माणूस सावध होता की बेसावध, दवाखाना किती लांब होता, यावर सगळं ठरतं. शस्त्राचं कॅलिबर या यादीत आहे, पण सगळ्यात वर नाही.

आता ‘लहान’ या शब्दाकडे वळू, कारण घोळ तिथूनच सुरू होतो. कॅलिबर म्हणजे ढोबळमानाने नळीचा आतला व्यास. .२२ म्हणजे सुमारे ५.६ मिलिमीटर, .२५ म्हणजे ६.३५ आणि .३२ म्हणजे ७.६५. पण व्यासावरून ताकद कळत नाही. सैनिकी रायफलची ५.५६ मिलिमीटरची गोळी जाडीला .२२ इतकीच असते, तरी ती सेकंदाला ९०० मीटरहून जास्त वेगाने सुटते आणि तिची ऊर्जा १,७०० ज्यूलच्या आसपास जाते. पिस्तुलातून सुटलेल्या .२२ लाँग रायफलची ऊर्जा असते १०० ते १३० ज्यूल. .२५ ची तर ८५-९० च. .३२ ची १७५ ते २००, आणि आज बहुतेक पोलीस दलं वापरतात त्या ९ मिलिमीटर पॅराबेलमची ५०० च्या जवळपास. रशियन टोकारेव पिस्तुलाची गोळी .३२ च्या गोळीपेक्षा जाड नाही, पण तिची ऊर्जाही ५०० च्या घरात आहे. म्हणजे फरक पुंगळीत मावणाऱ्या दारूचा आणि त्यातून मिळणाऱ्या वेगाचा आहे.

दुसरी गल्लत छोटं पिस्तूल आणि छोटं कॅलिबर या दोन गोष्टी एकच समजण्याची. अब्राहम लिंकन यांच्यावर १४ एप्रिल १८६५ रोजी झाडलेलं डेरिंजर पिस्तूल तळहातात लपेल एवढं होतं, त्यात एकच गोळी बसायची, पण ती .४४ ची होती. गोळी डोक्यात मागच्या बाजूने शिरली आणि तरीही लिंकन दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, जवळजवळ नऊ तास, श्वास घेत होते. तेव्हा नायिकेचं पिस्तूल ‘इवलंसं’ आहे एवढं लिहून भागणार नाही. तुम्ही .२५ लिहिलंय ते चांगलं केलं.

या काडतुसांचा जन्म कशासाठी झाला तेही पाहा. .२२ शॉर्ट १८५७ मध्ये स्मिथ अँड वेसनच्या पहिल्या रिव्हॉल्वरबरोबर आलं आणि .२२ लाँग रायफल १८८७ मध्ये. हे दुसरं काडतूस जगभर नेमबाजीच्या सरावासाठी आणि लहान शिकारीसाठी खपतं. त्याला धक्का कमी, आवाज कमी, खर्च कमी. मग .२२ असताना शस्त्रं घडवणाऱ्या जॉन ब्राउनिंगने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोटाच्या खिशात मावणाऱ्या पिस्तुलासाठी .२५ हे वेगळं काडतूस का बनवलं? दोघांची ताकद आखूड नळीतून जवळजवळ सारखीच आहे. उत्तर भरवशात आहे. .२२ हे रिमफायर काडतूस. त्यात ठिणगी देणारं रसायन पुंगळीच्या बुडाच्या कडेत पसरलेलं असतं आणि पिन त्या कडेवर आदळते. रसायन कडेभर सारखं पसरलं नसेल आणि पिन नेमकी रिकाम्या जागी पडली, तर ‘टक’ असा आवाज होतो आणि पुढे काहीच होत नाही. .२५ सेंटरफायर आहे, म्हणजे प्रायमर बुडाच्या मध्यभागी वेगळा बसवलेला असतो. त्यामुळे फुसकं निघण्याची शक्यता बरीच कमी, आणि मॅगझीनमधून नळीत सरकतानाही ते कमी अडतं. तुमच्या कथेत चाप ओढूनही गोळी न सुटण्याचा क्षण हवा असेल, तर .२२ द्या. वाचकाला ते जबरदस्तीचं वाटणार नाही.

आता तो धिप्पाड माणूस मागे फेकला जातो त्याबद्दल. हे मला मनापासून खटकतं, कारण साध्या गुणाकाराने ते खोटं ठरतं. .२५ च्या गोळीचं वजन ३.२ ग्रॅम, वेग सेकंदाला २३० मीटरच्या आसपास. हा सगळा संवेग, म्हणजे वजन गुणिले वेग, ८० किलोच्या माणसाला दिला तर त्याला मिळणारा वेग सेकंदाला एक सेंटिमीटरसुद्धा भरत नाही. ९ मिलिमीटरची गोळी घेतली तरी तीन-चार सेंटिमीटर. शिवाय गोळी जेवढा धक्का पुढे देते तेवढाच पिस्तूल मागे देतं. त्याने माणूस भिंतीवर आदळत असता तर झाडणारीही समोरच्या भिंतीवर आदळली असती. गोळी लागलेली माणसं झटका बसल्यासारखी हलतात, वाकतात, गुडघ्यात दुमडतात, पण ते त्यांच्याच स्नायूंचं काम असतं. फेकलं कुणी जात नाही.

मग माणूस पडतो कशाने? तीनच मार्ग आहेत. पहिला मेंदू किंवा मानेतला पाठीचा कणा. तिथे नेमकी इजा झाली तर शरीर त्याच क्षणी दोर कापल्यासारखं खाली येतं. दुसरा रक्तस्राव. यात वेळ जातो. अमेरिकेच्या एफबीआयने १९८९ मध्ये पिस्तुलाच्या जखमांवर जे टिपण काढलं त्यात स्पष्ट लिहिलंय की हृदय पूर्ण निकामी झालं तरी मेंदूत उरलेल्या प्राणवायूवर माणूस दहा ते पंधरा सेकंद स्वतःच्या इच्छेने सगळं करू शकतो. दहा सेकंद मोजून पाहा. तेवढ्यात खोली ओलांडता येते, गळा धरता येतो, दार उघडून जिन्यापर्यंत जाता येतं. आणि हा हिशेब हृदयाचा. फुप्फुस किंवा पोट असेल तर मिनिटं हाताशी असतात. तिसरा मार्ग मनाचा. ‘मला गोळी लागली’ हे कळताच काही माणसं किरकोळ जखमेनेही खाली बसतात, हत्यार टाकतात, पळतात. हा मार्ग खरा आहे आणि लहान पिस्तुलांनी पुष्कळदा याच मार्गाने माणूस थांबवला आहे. पण त्यावर अवलंबून राहता येत नाही. समोरचा चिडलेला असेल, नशेत असेल, किंवा गोळी लागल्याचं त्याला कळलंच नाही, तर हा मार्ग बंद.

गोळी लागूनही कळत नाही, हे अनेकांना पटत नाही. त्यासाठी मी नेहमी एकच घटना सांगतो. ३० मार्च १९८१ रोजी वॉशिंग्टनमध्ये एका हॉटेलबाहेर अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर .२२ च्या स्वस्त रिव्हॉल्वरमधून दोन सेकंदांच्या आत सहा गोळ्या झाडल्या गेल्या. रेगन यांना थेट एकही लागली नाही. एक गोळी त्यांच्या चिलखती मोटारीवर आपटून चपटी झाली, नाण्यासारखी, आणि तशीच डाव्या काखेखाली शिरली. अंगरक्षकाने त्यांना मोटारीत ढकललं तेव्हा त्यांना वाटलं, याच्या धक्क्याने बरगडी मोडली. मोटार व्हाइट हाउसकडे निघाली होती. मग तोंडातून फेसाळ लाल रक्त आलं आणि अंगरक्षकाने गाडी इस्पितळाकडे वळवायला लावली. सत्तर वर्षांचे रेगन स्वतःच्या पायांनी आत चालत गेले आणि आत गेल्यावर गुडघ्यातून कोसळले. कपडे कापून काढल्यावरच डॉक्टरांना काखेखालची छोटीशी चीर दिसली. गोळी हृदयापासून साधारण इंचभर अंतरावर थांबली होती. त्याच रिव्हॉल्वरची आणखी एक गोळी त्यांचे माध्यम सचिव जेम्स ब्रेडी यांच्या डोक्यात लागली. ते तिथल्या तिथे पडले, आयुष्यभराचं अपंगत्व आलं, पण २०१४ पर्यंत जगले. एक शस्त्र, एकाच खोक्यातली काडतुसं, दोन सेकंद, आणि चार जखमींच्या चार वेगळ्या कहाण्या. तुमच्या पहिल्या मित्राला आणि दुसऱ्या मित्रालाही मी हेच उदाहरण देईन.

याच्या तेरा वर्षं आधी, जून १९६८ मध्ये, लॉस एंजेलिसच्या अँबॅसिडर हॉटेलच्या स्वयंपाकघराच्या वाटेवर अध्यक्षपदाची उमेदवारी मिळवू पाहणारे रॉबर्ट केनेडी यांच्यावर आठ गोळ्यांचं .२२ रिव्हॉल्वर रिकामं करण्यात आलं. गर्दीतल्या दणकट लोकांनी हल्लेखोराला धरलं, तरी त्याचं बोट चाप ओढतच राहिलं. केनेडींना अगदी जवळून, कानामागे गोळी लागली. ते साधारण सव्वीस तासांनी गेले. आजूबाजूचे पाच जण जखमी झाले आणि पाचही वाचले. .२२ ला खेळणं म्हणणाऱ्याने या रात्रीकडे पाहावं, आणि .२२ ला हमखास म्हणणाऱ्याने त्या पाच जणांकडे.

साराजेव्होचीही एक गोष्ट या संदर्भात मला महत्त्वाची वाटते. २८ जून १९१४ रोजी तिथे झालेल्या ऑस्ट्रियाच्या युवराजांच्या हत्येतलं पिस्तूल अनेक पुस्तकांत .३२ म्हणून छापलेलं आढळतं. प्रत्यक्षात ते एफएन या बेल्जियन कंपनीचं १९१० मॉडेल होतं आणि त्याचं काडतूस ९ मिलिमीटर शॉर्ट, म्हणजे .३८०. तेही आजच्या मोजमापाने कमी ताकदीचंच, ९ मिलिमीटर पॅराबेलमच्या जेमतेम निम्म्या ऊर्जेचं. दोन गोळ्या, दोन मृत्यू. पण गोळ्या सुटल्यानंतर आर्चड्यूक फ्रान्झ फर्डिनांड आणि त्यांची पत्नी मोटारीत काही क्षण ताठ बसूनच होते. मोटारीच्या पायरीवर उभा असलेला सरदार त्यांना विचारत राहिला आणि आर्चड्यूक ‘काही नाही, काही नाही’ असं पुटपुटत राहिले. मानेतली रक्तवाहिनी फुटलेली होती. एखाद्या कादंबरीकाराने हा संवाद रचला असता, तर संपादकाने तो अतिरंजित म्हणून काढायला लावला असता.

आणि हे फक्त लहान गोळीचं लक्षण समजू नका. १९८६ मध्ये मायामीत एफबीआय आणि दोन बँक लुटारू यांच्यात जी चकमक झाली, तिच्या सुरुवातीलाच एका लुटारूला ९ मिलिमीटरची गोळी दंडातून छातीत गेली. ती हृदयाच्या थोडी अलीकडे थांबली. त्यानंतरही तो लढत राहिला आणि दोन एजंट मारले गेले. लहान कॅलिबरमध्ये गोळी अलीकडे थांबण्याची आणि हाडावरून वळण्याची शक्यता जास्त असते, एवढाच फरक. म्हणून मी त्याला कमजोर म्हणत नाही, बेभरवशाचं म्हणतो. झाडणाऱ्याच्या दृष्टीनेही आणि ज्याला लागते त्याच्या दृष्टीनेही.

आता भाडोत्री मारेकऱ्यांचं .२२. यात तथ्य आहे. १९७५ मध्ये शिकागोजवळच्या ओक पार्कमध्ये माफियाचा जुना म्होरक्या सॅम जियानकाना आपल्या घराच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात मारला गेला; .२२ चं सायलेन्सर लावलेलं पिस्तूल पुढे नदीकाठी सापडलं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तचर खात्याने हाय स्टँडर्डचं .२२ पिस्तूल अंगच्याच सायलेन्सरसह वापरलं. १९६० मध्ये सोव्हिएत हद्दीत पाडलेल्या यू-२ या अमेरिकी हेरगिरी विमानाच्या वैमानिकाकडेही तसलंच होतं. पण जियानकानाच्या शरीरात गोळ्या किती होत्या? सात. डोक्याच्या मागून, तोंडात, हनुवटीखालून, सगळ्या अगदी जवळून. ज्यांना ‘व्यावसायिक’ म्हणतात त्यांनीही एका .२२ वर विश्वास ठेवला नव्हता. कथेतला थंड डोक्याचा मारेकरी रस्त्यापलीकडून एक गोळी झाडून वळून निघून जातो, तेव्हा मला तो व्यावसायिक वाटत नाही, निष्काळजी वाटतो.

सायलेन्सरचं थोडक्यात सांगतो. हायरम पर्सी मॅक्झिमने १९०९ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. गोळीचा आवाज तीन ठिकाणांहून येतो: नळीच्या तोंडाशी फुटणारा वायू, ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा कडाका, आणि स्लाइडचा, म्हणजे पिस्तुलाच्या मागेपुढे सरकणाऱ्या वरच्या भागाचा, खटका. सायलेन्सर फक्त पहिल्यावर काम करतो आणि साधारण २० ते ३५ डेसिबल कमी करतो. पिस्तुलाचा मूळ आवाज १५० च्या वर असतो, म्हणजे उरतात ते ११५-१२५. आकड्याने पाहिलं तर हे जवळून वाजलेल्या मोटारीच्या हॉर्नपेक्षा कमी नाही, फक्त क्षणभराचं असतं म्हणून कानाला छोटं वाटतं. .२२ ची गोळी आखूड नळीतून बहुधा ध्वनीच्या वेगाखालीच सुटते, त्यामुळे तिचा कडाका नसतो. सिनेमातल्या ‘फुट्’च्या सगळ्यात जवळ जाणारं हेच काडतूस. तरी शेजारच्या खोलीतल्या जाग्या माणसाला काहीतरी झालं हे कळेल. आणि रिव्हॉल्वरवर सायलेन्सर लावू नका. चक्र आणि नळी यांच्या मधल्या फटीतून वायू बाहेर येतोच. रशियन नागां हे जुनं रिव्हॉल्वर तेवढं अपवाद, कारण त्यात चक्र पुढे सरकून फट बंद होते.

यावरून आठवलं, पिस्तूल बदलून दिल्याचा एक प्रसिद्ध प्रसंगही आहे. जेम्स बाँडच्या सुरुवातीच्या कादंबऱ्यांत त्याच्याकडे .२५ चं बेरेटा होतं. १९५६ मध्ये जेफ्री बूथरॉइड नावाच्या शस्त्रप्रेमी वाचकाने इयान फ्लेमिंग यांना पत्र लिहून कळवलं की हे हत्यार अशा माणसाला शोभत नाही. १९५८ च्या ‘डॉक्टर नो’मध्ये बाँडला वॉल्थर पीपीके मिळालं, आणि ते देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव फ्लेमिंग यांनी बूथरॉइडच ठेवलं. मला यात मौज वाटते ती अशी की पीपीके ७.६५ मिलिमीटरचं, म्हणजे तेही आपल्या लहानांच्याच यादीतलं. पण त्या लेखकाने अनोळखी वाचकाचं ऐकलं. तुम्ही विचारायला आलात म्हणून मला तुमच्याबद्दलही तेच वाटतं.

‘.२२ ची गोळी शरीरात चेंडूसारखी उसळत फिरते’ हे वाक्य तुम्ही कुठे ना कुठे वाचलं असेलच. छातीत किंवा पोटात असं काही होत नाही. गोळी हाडावर आपटून वळते, एकदा, फार तर दोनदा, आणि थांबते. कवटीत मात्र कधीकधी खरंच घडतं. एका बाजूने आत शिरायला ताकद पुरते, दुसरीकडून बाहेर पडायला पुरत नाही, मग ती आतल्या पृष्ठभागावरून परत फिरते. पण याहून विलक्षण एक गोष्ट आहे आणि ती रहस्यकथांत मला क्वचितच भेटली. लहान, मंद गोळी मोठ्या रक्तवाहिनीत शिरून तिथेच वेग हरवते, आणि रक्ताबरोबर वाहत दूर जाते. छातीत शिरलेली गोळी मांडीच्या धमनीत सापडल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. शवविच्छेदन करणारे डॉक्टर जखमेचा माग काढत जातात, बाहेर पडल्याची खूण नाही, आणि माग संपतो तिथे गोळीही नाही. म्हणूनच गोळीबारातल्या मृतदेहाचा आधी संपूर्ण एक्स-रे काढायचा असतो. मी ज्या डॉक्टरांबरोबर काम केलं त्यातल्या एकांनी तो एकदा काढला नव्हता. दिवसभर गोळी शोधण्यात गेला आणि माझ्याकडे पाकीट आलं ते तिसऱ्या दिवशी.

माझ्या टेबलावर पुढे काय होतं, हेही तुमच्या तपास अधिकाऱ्यासाठी उपयोगी पडेल. .२२ ची गोळी मऊ शिशाची असते, फार तर वरून तांब्याचा पातळ मुलामा. नळीतल्या खाचांचे ओरखडे तिच्यावर उमटतात, पण हाडावर आपटली की ती चुरगळते आणि ते ओरखडे वाचण्याजोगे राहत नाहीत. किती वेळा मी तुलनात्मक सूक्ष्मदर्शकाखाली अशी गोळी तासन्‌तास फिरवली आहे आणि शेवटी ‘निष्कर्ष काढता येत नाही’ एवढंच लिहिलं आहे. सिनेमात हे वाक्य कुणी लिहीत नाही. मला मात्र ते लिहिण्यासाठी सगळ्यात जास्त धैर्य लागायचं, कारण समोर तपास अधिकारी आशेने बसलेला असायचा. .२५ च्या गोळीला बहुतेकदा कठीण आवरण असतं, ती जास्त शाबूत मिळते.

दुसरी अडचण अशी की .२२ चं तेच काडतूस रायफलमध्येही चालतं आणि पिस्तुलातही. गोळीच्या जाडीवरून कोणतं शस्त्र हे सांगता येत नाही. खाचांची संख्या आणि पिळाची दिशा यांची मदत होते. कोल्टच्या नळीत परंपरेने सहा खाचा डावीकडे वळणाऱ्या, स्मिथ अँड वेसनच्या रिव्हॉल्वरमध्ये पाच उजवीकडे. मार्लिनच्या काही .२२ रायफलींत तर सोळा अगदी बारीक खाचा असतात. गोळीवर त्या दिसल्या की पिस्तूल शोधणं थांबवता येतं. रिकामी पुंगळी बहुधा गोळीपेक्षा जास्त बोलते. .२२ वर पिनेचा ठसा कडेला असतो, .२५ वर मध्यभागी. आणि तो ठसा, पुंगळी ओढणाऱ्या आकड्याची खूण, स्लाइडच्या तोंडाची खडबडीत छाप हे सगळं मिळून एखादं शस्त्र ओळखता येतं. पण पुंगळी बाहेर पडते ती पिस्तुलातून. रिव्हॉल्वरच्या चक्रात ती तशीच बसून राहते, त्यामुळे रिव्हॉल्वरने झालेल्या खुनाच्या जागी पुंगळ्यांचा सडा दाखवू नका.

अंतराचा अंदाज जखमेभोवतीच्या काजळीवरून आणि न जळलेल्या दारूच्या कणांनी त्वचेवर पडलेल्या ठिपक्यांवरून काढतात. लहान काडतुसात दारू कमी, म्हणून हे ठिपके हात-दीड हातापलीकडून सहसा दिसत नाहीत. नेमका आकडा हवा असेल तर तेच शस्त्र आणि तीच काडतुसं घेऊन पांढऱ्या कापडावर वेगवेगळ्या अंतरांवरून झाडून पाहावं लागतं. पुस्तकातला तक्ता वाचून अंतर सांगणारा तज्ज्ञ उलटतपासणीत टिकत नाही.

बारीकसारीक चुका भरभर सांगतो. रिव्हॉल्वरचा ‘सेफ्टी कॅच’ काढायला लावू नका, जवळजवळ कुठल्याच रिव्हॉल्वरला तो नसतो. हवेत कॉर्डाइट या जुन्या काळच्या दारूचा वास नको. आजच्या पिस्तुलाच्या काडतुसात कॉर्डाइट नसतं. बंद खोलीत गोळी झाडल्यावर लगेच हळू आवाजातलं संभाषण नको, दोघांच्याही कानांत बराच वेळ शिट्टी वाजत राहील.

आता तुमचा प्रसंग. .२५ च ठेवा, ते त्या पर्सला आणि त्या बाईला शोभतं. पण दोन-अडीच इंचांची नळी, नेम धरायची नखाएवढी माशी आणि थरथरणारा हात घेऊन खोलीच्या टोकापर्यंत नेम लागणं अवघड आहे, म्हणून त्या माणसाला जवळ येऊ द्या. एक गोळी काखेच्या खाली, बरगड्यांच्या मधून. तो थांबेल, तिच्याकडे पाहील, कदाचित हसेल, कारण त्याला वाटेल नेम चुकला. रक्त बाहेर दिसणार नाही. एवढ्या लहान छिद्राभोवतीची त्वचा आवळून येते आणि रक्त आत साठत राहतं. नायिकेलाही वाटेल नेम चुकला. पुढची दोन मिनिटं तुमच्याकडे आहेत आणि त्या दोन मिनिटांत दोघांपैकी कुणालाच माहीत नाही की तो मरतोय. तो बोलू शकतो, धमकी देऊ शकतो, तिच्या हातातून पिस्तूल काढून घेऊन खिशात टाकू शकतो, जिना उतरून मोटारीत जाऊन बसू शकतो. मग शस्त्रावर त्याचे ठसे, ते त्याच्याच खिशात, आणि खोली मोकळी.

एक पुंगळी तेवढी खोलीत राहील. ती पिस्तुलाच्या उजवीकडे चार-सहा फुटांवर पडते, टणक जमिनीवरून उसळते आणि कपाटाखाली जाते. इतकी लहान असते की पहिल्या झडतीत कुणाला दिसत नाही. माझ्याकडे अशा पुंगळ्या बऱ्याचदा दुसऱ्या झडतीनंतरच आल्या, कुणीतरी गुडघ्यांवर बसून टॉर्च मारल्यावर.